आत्म्याचे वजन, आत्म्याची शुद्धी आणि इतर गैरसमज

सांगली जिल्ह्यातले विटा यंत्रमागासाठी आणि सोन्या-चांदीच्या गलाईसाठी ओळखले जाते. इथल्या गलाईवाल्यांची दुकाने देशभरच्या सराफ बाजारांत आहेत. याच खानापूर तालुक्यात, विट्याजवळ रेणावीला, रेवणसिद्धांचे ठाणे आहे. नवनाथांतले रेवणनाथ ते हेच, अशी इथली श्रद्धा. ‘मी कोण’ या प्रश्नावर उभी राहिलेली निंबर्गी-इंचगिरी ही परंपरा आपले मूळ रेवणनाथांपर्यंत नेते. म्हणजे आत्मविचार या मातीला परका नाही. तरीही आपल्या बोलण्यात आत्मा येतो तो बहुधा दहाव्याच्या दिवशी किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात, आणि दोन्हीकडे भलत्याच अर्थाने.

गैरसमज १ : कावळा शिवला नाही, म्हणजे आत्मा अडकला.

वस्तुस्थिती : पिंडदानाचा विधी प्रेत आणि पितर यांच्याविषयी बोलतो. दर्शनांतला आत्मा ही वेगळी गोष्ट आहे. अद्वैत वेदान्ताच्या मते आत्मा सर्वव्यापी आहे, त्यामुळे त्याला कुठून निघायचे नसते आणि कुठे पोचायचेही नसते. एका देहातून दुसऱ्या देहात जाते ते सूक्ष्म शरीर : पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी अशा १७ घटकांचे. रामानुजांच्या मते जीव अणुरूप आहे आणि तो खरोखर जातो. पण तोही कर्मानुसार जातो, एखादी इच्छा राहिली म्हणून पिंपळावर बसत नाही. कठोपनिषदात नचिकेता यमाला नेमके हेच विचारतो, की माणूस मेल्यावर काही उरते की नाही. यम त्याला मृतांच्या हकिकती सांगत बसत नाही. ज्याला जन्मच नाही त्याचा मृत्यू कसा होईल, या विचाराकडे तो प्रश्न वळवतो. दहाव्याला कावळ्याची वाट पाहणे ही घरच्यांच्या मायेची बाब आहे. तिचा मान ठेवावा, पण तिला आत्म्याचा पुरावा मानू नये.

गैरसमज २ : आत्म्याचे वजन २१ ग्रॅम असल्याचे सिद्ध झाले आहे.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांना खाटेसह तराजूवर ठेवले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष छापले. रुग्ण होते अवघे ६. त्यांतल्या दोघांची मापे त्याने स्वतःच बाद धरली आणि उरलेल्यांची एकमेकांशी जुळली नाहीत. २१ ग्रॅमचा आकडा एकट्या पहिल्या रुग्णाचा. ज्या गावात मिलिग्रॅमचाही हिशेब होतो, तिथे असा तराजू कोणी दारात उभा करणार नाही. शिवाय आपल्याकडच्या वैशेषिकांनी हा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला होता. त्यांच्या मते जडपणा हा गुण केवळ पृथ्वी आणि जल या दोन द्रव्यांचा. आत्म्याचे म्हणून त्यांनी १४ गुण मोजले. त्यांत ज्ञान, सुख, दुःख, इच्छा, द्वेष, प्रयत्न आहेत, वजन नाही.

गैरसमज ३ : आत्मा म्हणजे आपले मन.

वस्तुस्थिती : या एका बाबतीत बहुतेक आस्तिक दर्शनांचे एकमत आहे, की मन हे साधन आहे. सांख्य मनाला आणि बुद्धीलाही जड प्रकृतीत टाकतात. नैयायिक त्याला अणुएवढे आंतर-इंद्रिय मानतात. तैत्तिरीय उपनिषद अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय अशा पायऱ्यांनी जाते. त्यात मन मधल्या पायरीवर आहे. वेदान्ताची युक्ती सोपी आहे. ‘आज मन लागत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा मनाची ती अवस्था कोणाला तरी दिसत असते. जे दिसते ते पाहणारा नव्हे. हीच कसोटी देह, श्वास, विचार, आठवण यांना लावत जायची. शेवटी जो बाजूला काढता येत नाही, तो साक्षी.

गैरसमज ४ : जप-तपाने आत्मा शुद्ध होतो.

वस्तुस्थिती : गलाईत सोने तापवून त्यातला मळ काढतात, तसे साधनेने आत्म्याचे होते, हा दाखला कीर्तनातही ऐकू येतो. तो खरा शोभतो जैन दर्शनाला : जीव आणि कर्म यांचा अनादी संबंध समजावताना जैन आचार्य खाणीतले सोने आणि त्यातली माती यांचे उदाहरण देतात. अद्वैताला मात्र हे चालत नाही. तिथे आत्म्याला मळ लागतच नाही. लागला आहे असे वाटते, ते वाटणे म्हणजे अविद्या, आणि ज्ञानाने जाते ते हेच. मग साधना कशासाठी? चित्तशुद्धीसाठी. शुद्ध होते ते चित्त.

गैरसमज ५ : ‘अहं ब्रह्मास्मि’ म्हणजे मीच देव.

वस्तुस्थिती : बृहदारण्यकातल्या या वाक्यातला ‘मी’ म्हणजे नाव, गाव, जात, मालमत्ता सांगणारा मी नव्हे. अद्वैतात तो अहंकार आधी दूर सारावा लागतो. उरलेल्या चैतन्याविषयी हे विधान आहे. मध्वाचार्यांना तर जीव आणि ईश्वर यांचे ऐक्यच मान्य नाही. त्यांच्या मते दोघांतला भेद नित्य आहे.

गैरसमज ६ : आत्म्याबद्दल हिंदू तत्त्वज्ञानाचे एकच मत आहे.

वस्तुस्थिती : सर्वांत मोठा गैरसमज हाच, आणि वरचे बरेचसे गोंधळ त्यातूनच निघतात. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य अगदी आरंभीच मतांची यादी देतात : देह हाच आत्मा म्हणणारे, इंद्रियांना आत्मा मानणारे, मनाला मानणारे, क्षणोक्षणी बदलणाऱ्या विज्ञानाला मानणारे, शून्य म्हणणारे, कर्ता-भोक्ता म्हणणारे, आणि भोक्ता आहे पण कर्ता नव्हे असे म्हणणारे. इतकी मते आहेत, म्हणूनच विचार करायला हवा, असे त्यांचे म्हणणे. सांख्यांना पुरुष अनेक हवेत, अद्वैताला आत्मा एकच. न्यायात ज्ञान हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण, म्हणून मोक्षात सुख नाही आणि जाणीवही नाही. दगडासारख्या या मोक्षाची टिंगल नैषधीयचरितात केलेली आहे. रामानुजांच्या मते जीव हा ईश्वराचे शरीर आहे. चार्वाकांना देहापलीकडे काहीच मान्य नाही. आपल्या ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली, आणि ‘अमृतानुभवा’त जगाला भ्रम म्हणून झटकण्याऐवजी चैतन्याचा विलास मानले.

गैरसमज ७ : हे संन्याशांचे आणि पंडितांचे काम.

वस्तुस्थिती : उपनिषदांत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणारे जनक राजा होते, मैत्रेयी आणि गार्गी स्त्रिया होत्या. आपल्या भागातले उदाहरण आणखी जवळचे आहे. जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) यांनी इंचगिरीला परंपरेचे ठाणे उभे केले. त्यांचे एक शिष्य गुरुदेव रा. द. रानडे. ते काही काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवत होते; उपनिषदांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ चा. दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६). त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) मुंबईत विड्यांचे दुकान चालवत, आणि गिरगावातल्या खेतवाडीतल्या घरी येणाऱ्यांशी मराठीत बोलत. ते संवाद १९७३ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणले, तेव्हा परदेशातून माणसे खेतवाडी शोधत येऊ लागली.

तेव्हा ‘आत्म्याबद्दल हिंदू तत्त्वज्ञान असे सांगते’ असे कोणी म्हणाले, की विट्याच्या माणसाने सराफाला विचारावे तसे सरळ विचारावे : कोणते दर्शन, कोणता ग्रंथ, कोणाचे भाष्य? उत्तर आले नाही, तर तो संदेश पुढे पाठवू नये.