एका लॅपटॉपवर दोन बिऱ्हाडं

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण अलिबाग-श्रीवर्धनकडच्या एखाद्या घरातला चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप त्यासाठी भंगारात काढू नका. विंडोजशेजारीच लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवता येते. लॅपटॉप सुरू होताना ‘ग्रब’ हा छोटा प्रोग्राम विचारतो, आज कोणती प्रणाली?

नवख्यांना मी लिनक्स मिंटच सुचवेन, आणि जुन्या यंत्रावर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मेनू विंडोजवाल्यांना ओळखीचा वाटतो, मराठी टायपिंगही होतं. सी-डॅकची ‘बॉस’ लिनक्स आपल्या देशातली, तरी अडल्यावर मदत मिंटसाठी लवकर सापडते.

आधी मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय तपासा. फायलींची प्रत बाहेर काढा, डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली लिहून ठेवा, आणि विंडोजमधूनच चाळीसेक जीबी जागा मोकळी करा.

खरा धोका विजेचा. डिस्कचे भाग पाडताना लॅपटॉप बंद पडला, तर सगळा डेटा जाऊ शकतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरची कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा थकलेली असते. ती तासभरही टिकत नसेल, तर हे काम इन्व्हर्टर असलेल्या घरी जाऊन करा.