परक्या संघात फुललेला गोलंदाज

संघातला एखादा गोलंदाज दोन-तीन मोसम निष्प्रभ ठरावा, प्रेक्षकांनी त्याच्या नावाने बोटे मोडावीत, संघाने त्याला निरोप द्यावा, आणि पुढल्याच वर्षी त्याच गड्याने दुसऱ्या संघाकडून बळींची रास घालावी, हा प्रकार क्रिकेटच्या रसिकाला पराभवाहूनही अधिक झोंबतो. पराभव चार दिवसांत विसरता येतो. हा सल मात्र मोसमभर सामन्यागणिक ताजा होत राहतो. दिल्लीकरांना त्याची प्रचीती २०२१ साली आली.

हर्षल पटेल हा गुजरातेत जन्मलेला, पण हरियाणाकडून रणजी सामने खेळणारा मध्यमगती गोलंदाज. म्हणजे दिल्लीचा शेजारीच. २०१८ साली इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात दिल्लीने त्याला २० लाख रुपयांना घेतले. तीन मोसम तो तेथे होता. परंतु त्यातला बराच काळ राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला. २०२० मध्ये ५ सामने आणि ३ बळी एवढीच त्याची कमाई. २०२१च्या आरंभी दिल्लीने त्याला बंगळूरच्या संघाकडे धाडले, तेव्हा कोणी फारसे हळहळले नाही.

त्यानंतर ९ एप्रिलला चेन्नईत मोसमाचा पहिलाच सामना झाला. हर्षलने मुंबई इंडियन्सचे ५ गडी २७ धावांत टिपले. या स्पर्धेत मुंबईविरुद्ध एका डावात पाच बळी तोवर कोणत्याच गोलंदाजाला मिळाले नव्हते. शेवटच्या चेंडूवर विजयाची धावही त्यानेच काढली. सप्टेंबरात दुबईला त्याच मुंबईविरुद्ध लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी. आणि मोसमाअखेर १५ सामन्यांत ३२. ड्वेन ब्राव्होच्या २०१३ सालच्या विक्रमाशी ही बरोबरी होती.

‘हा खेळ आमच्याकडे असताना याने कोठे दडवून ठेवला होता?’ असा प्रश्न अशा वेळी मनात येतो आणि त्यात खेळाडूवर अप्रामाणिकपणाचा गर्भित आरोप असतो. वस्तुतः त्याने काहीच दडविलेले नव्हते. २०२० साली दिल्लीकडे रबाडा आणि नॉर्किया हे दोन तेज गोलंदाज होते; पहिल्याने ३० आणि दुसऱ्याने २२ बळी मिळविले. अशा जोडीच्या सावलीत तिसऱ्याला चेंडू मिळणार तो केव्हा, आणि कोणत्या कामासाठी, हेच निश्चित नसे. बंगळूरने त्याला एक नेमके काम दिले: अखेरची षटके. हर्षलचे खरे अस्त्र वेग नव्हे. वेगाच्या आविर्भावात टाकलेला आणि फलंदाजापाशी येता येता खाली बुडणारा हळू चेंडू, हे ते अस्त्र. फलंदाज जेव्हा प्रत्येक चेंडू सीमेपार धाडण्याच्या उतावळीत असतो, तेव्हाच ते अधिक चालते. अवजार तेच, फक्त ते योग्य जागी लागले.

शिवाय पाच सामने म्हणजे फार तर वीस षटके, अवघे एकशेवीस चेंडू. एवढ्यावरून माणसाची योग्यता ठरविणे म्हणजे एका पावसावरून साऱ्या वर्षाचे पीक आणेवारीत मांडण्यासारखे आहे. दोन झेल सुटले की आकडे बिघडतात, दोन पकडले गेले की सुधारतात. अशा सरासरीवर गड्याची भाकरी अवलंबून असते, ही गोष्ट गॅलरीतून दिसत नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही हेच घडते. जेक अरिएटा हा चेंडूफेक्या बाल्टिमोरच्या संघात धडपडत होता. २०१३ साली त्याच्या खाती नऊ डावांमागे ७.२३ धावा, अशी दयनीय सरासरी जमा होती. त्याच वर्षी तो शिकागोला गेला. तेथे त्याला त्याच्या स्वाभाविक लकबीने चेंडू फेकू दिला गेला. २०१५ साली ती सरासरी १.७७ वर आली आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम चेंडूफेक्याचा बहुमान त्याला मिळाला. बाल्टिमोरच्या रसिकांनी काय म्हटले असेल, हे सांगावयास नको.

आता या रागाची गंमत पाहण्यासारखी आहे. तो हानीतून उपजतो म्हणावे, तर २०२१ मध्ये दिल्लीची हानी झालीच नव्हती. साखळी सामन्यांत दिल्ली अग्रस्थानी होती, आणि बळींच्या यादीत हर्षलच्या खालोखाल नाव होते ते दिल्लीच्याच आवेश खानचे, २४ बळींचे. तरीही सल उरला. कारण वाईट दिवस प्रेक्षकाने सोसलेले असतात. पेरणी आपल्या शेतात झाली आणि कापणी दुसऱ्याने केली, असे त्याला वाटते. खेरीज त्या गड्याचे यश म्हणजे प्रेक्षकाच्या स्वतःच्या पारखेवरचा ठपकाच; ज्याला आपण टाकाऊ म्हटले, तो तसा नव्हता, असे ते दर सामन्यात बजावीत असते. स्मरणही पक्षपाती असते. हर्षलबरोबरच डॅनियल सॅम्स हाही दिल्लीहून बंगळूरला गेला होता. तो तेथे फारसा चमकला नाही, म्हणून त्याची आठवण कोणी काढीत नाही.

पुढच्याच वर्षी पारडे फिरले. कुलदीप यादव हा डावखुरा फिरकी गोलंदाज कोलकात्याच्या संघात कोमेजून गेला होता. २०१९ मध्ये त्याला बेदम मार बसला, २०२० मध्ये ५ सामन्यांत एकच बळी मिळाला, आणि २०२१ मध्ये तर एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०२२च्या लिलावात दिल्लीने त्याला २ कोटी रुपयांना घेतले. त्याने १४ सामन्यांत २१ बळी घेतले. त्यांत कोलकात्याचेच आठ: १० एप्रिलला मुंबईच्या ब्रेबॉर्नवर ३५ धावांत चार, आणि २८ एप्रिलला वानखेडेवर १४ धावांत चार. दोन्ही वेळा सामन्याचा मानकरी तोच. दिल्लीचे रसिक त्या दिवशी आनंदात होते. कोलकात्याला काय वाटत असेल, याची चौकशी अर्थातच कोणी केली नाही.