औंढ्याला आलात, तर मुक्काम करा

औंढा नागनाथला येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी परळी वैजनाथ, दुपारी औंढा, संध्याकाळी नांदेडचा गुरुद्वारा. दर्शन उरकतं, चहा होतो, गाडी सुटते. हिंगोली जिल्हा त्यांनी पाहिला तो एवढाच. बेल्जियमला जाणारी मंडळीही ब्रसेल्सहून ब्रुजला जाताना वाटेतलं गेन्ट आगगाडीच्या खिडकीतूनच पाहतात. पण गेन्टची बाजू मांडणारे लेख युरोपात वरचेवर निघतात. हिंगोलीची बाजू कुणी मांडत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा एका शनिवार-रविवारात बऱ्यापैकी पाहून होतो. आधीच सांगून ठेवतो : इथे पॉइंट नाहीत, स्ट्रॉबेरी नाही, राहायची सोय साधी आहे. जेवायला भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळेल, आणि तो ठेचा पाहुणा म्हणून तुमची गय करणार नाही.

शनिवार हिंगोली शहरासाठी ठेवा. पूर्णा-अकोला मार्गावरच्या स्टेशनाची पाटी ‘हिंगोली डेक्कन’ अशी आहे. गावात शिरलं की रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा ही नावं कानावर येतात. पगार निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा अशा हैदराबाद कंटिन्जंट फौजेची इथे छावणी होती. ती फौज १९०३ मध्ये मोडली, मोहल्ल्यांची नावं मात्र राहिली.

याच छावणीच्या सदर बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. साहेब लोकांशी त्याची रोजची देवघेव. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना काढला. कापड येत होतं, हे खरं. पण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला नोकर-गाडीवानांसकट वाटेतच संपवलं, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. तो ठगांचा म्होरक्या होता. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली, तीही एखादी गंमत सांगावी तशी. त्याच्या टोळीने मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. ती थडगी उकरताना फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी हजर होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या गाजलेल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हे सगळं लिहून ठेवलं आहे. लंडनने जी कादंबरी चवीने वाचली तिच्यामागे आपली हिंगोली होती, हे इथल्या शाळकरी पोरांना कुणी सांगत नाही. एखादा फलक लावायला काय हरकत आहे?

दसऱ्याच्या सुमारास आलात तर रामलीला मैदान चुकवू नका. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगणारा इथला दसरा प्रदर्शनासकट बरेच दिवस चालतो.

दुपारनंतर नरसीला जा. कयाधू नदीकाठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मस्थान मानतात. काही जण पंढरपूरचा हक्क सांगतात, तो वाद इथे काढू नये. नामदेवांची पदं गुरू ग्रंथ साहिबात असल्यामुळे पागोटं आणि पगडी नरसीत शेजारी शेजारी दिसतात. पंजाबातल्या घुमानला त्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला, आणि २०१५ चं ८८ वं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं. आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला नरसीत परतवारी भरते, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

रविवारी पहाटे औंढा. हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटर. देवळात थेट शिरू नका, आधी बाहेरून एक फेरी मारा. खालचं काळ्या दगडाचं काम यादवकाळातलं : हत्तींचे थर, त्यावर देवदेवता, नर्तकी, आणि दर पावलाला कोपरा फुटत जाणारी भिंत. मान वर केली की एकदम साधा पांढरा भाग दिसतो. तो मोडतोडीनंतरच्या दुरुस्तीचा. दोन काळांमधला सांधा इतका स्पष्ट दिसतो की मार्गदर्शकाची गरज पडत नाही. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून, जवळजवळ बसतच उतरावं लागतं. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी वरूनच नमस्कार करावा. नंदी देवासमोर नसून देवळाच्या मागे आहे. नामदेवांचं कीर्तन पुजाऱ्यांनी समोरून हटवलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा इथे घरोघर माहीत आहे. विसोबा खेचर नामदेवांना भेटले तेही इथेच. पिंडीवर पाय टेकून पडलेला म्हातारा म्हणाला, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. बारा ज्योतिर्लिंगांतलं नागेश हेच की द्वारकेजवळचं, हाही एक जुना वाद आहे.

औंढ्याच्याच तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहतो आहे. आत जाता येत नाही, पण त्याची माहिती करून घ्यावीच. काटकोनात जाणाऱ्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेझरचा किरण, टोकांना आरसे. दूरवर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जो तरंग उठतो, त्याने या नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी बदलते. तेवढं मोजायचं. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला तरंग टिपला, केंद्राने पुढच्याच फेब्रुवारीत प्रकल्पाला तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मराठवाड्यातली जागा निवडली ती इथल्या शांत जमिनीसाठी : समुद्र लांब, कारखाने आणि वर्दळ कमी. आता योगायोग पाहा, याच जिल्ह्यात जुलै २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. अशा यंत्राला क्वचित येणाऱ्या धक्क्याने तेवढ्यापुरता खंड पडतो. खरा वैताग असतो तो ट्रक, रेल्वे आणि लाटांच्या रोजच्या थरथरीचा. मागासलेपण म्हणून ज्याची आयुष्यभर लाज वाटली, ते कुणाच्या तरी पात्रतेच्या यादीत पहिलं निघालं.

परतीची वाट वसमतवरून काढा. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीत रान कमरेएवढं हिरवं दिसेल; पण खरी मजा जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत. पाला पिवळा पडला की कंद उकरतात, वाफेवर शिजवतात, मोकळ्या जागेत उन्हात पसरतात आणि वाळल्यावर फिरत्या ढोलात घासून चकाकी आणतात. शिजताना जो उग्र, मातकट वास सुटतो तो गावाच्या अलीकडेच गाडीत शिरतो. बाजारात व्यापारी हळकुंड हातात घेऊन मोडतो : आवाज खणखणीत यायला हवा, आतला रंग केशरी हवा. बोलीचा आकडा मग पुढचा.

पूड घेऊ नका, हळकुंडं घ्या. फक्त घरी नेण्याआधी गिरणीवाल्याला फोन करा. गव्हाच्या चक्कीवर हळद घ्यायला सगळेच तयार नसतात.