धावत्या मोटारीतील शीतकरण यंत्रणेचा आकस्मिक बिघाड : कारणमीमांसा आणि चालकाची कृती

प्रस्तावना :
महाविद्यालयीन अध्यापकांचा प्रवास बहुधा घड्याळाशी बांधलेला असतो. बहिःस्थ परीक्षक म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेस जाणे, उत्तरपत्रिका तपासणी, चर्चासत्र, अभ्यास मंडळाची बैठक अशा कामांसाठी अनेक जण स्वतःच्या मोटारीने शंभर-दीडशे किलोमीटरचे अंतर सकाळच्या वेळात कापतात. अशा प्रवासात एप्रिल-मे महिन्यात घाट चढताना इंजिन एकाएकी तापले, तर चालकाच्या मनात पहिला विचार येतो तो ‘पुढच्या गावापर्यंत तरी जाऊ’ हा. हा विचार स्वाभाविक असला तरी भौतिकशास्त्राच्या कसोटीवर तो का टिकत नाही, हे स्पष्ट करणे आणि अशा प्रसंगी चालकाने कोणत्या क्रमाने काय करावे याचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते एका सहकाऱ्यामुळे. कुंभार्ली घाटात त्यांची मोटार तापली. मदतीस थांबलेल्या एका सद्गृहस्थाने उत्साहाने रेडिएटरचे झाकण फिरविले आणि उकळते पाणी दोघांच्याही हातांवर उडाले. इंजिन पुढे दुरुस्त झाले. सहकाऱ्यांच्या उजव्या हाताचे मनगट मात्र तो संपूर्ण परीक्षा हंगाम बांधलेले राहिले.

शीतकरण यंत्रणेचे कार्य :
पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा साधारणपणे एक तृतीयांश भाग चाके फिरविण्यास उपयोगी पडतो, जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला भाग इंजिनच्या धातूतून शीतकद्रवास, म्हणजे रूढ भाषेत कूलंटला, मिळतो. वॉटर पंप हा द्रव इंजिन व रेडिएटर यांतून सतत फिरवीत राहतो. थर्मोस्टॅट नावाची झडप साधारण 82 ते 88 अंश सेल्सिअसला उघडते आणि द्रवास रेडिएटरकडे जाऊ देते. मोटार वेगात असताना समोरून येणारा वारा पुरेसा ठरतो; वेग मंदावला की पंख्यावर भिस्त राहते. सपाट महामार्गावर ठीक चालणारी मोटार घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडू लागताच तापते, त्यावेळी प्रथम संशय पंख्यावर, त्याच्या फ्यूजवर वा रिलेवर घ्यावा, तो याच कारणाने.

या यंत्रणेतील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे झाकण. ते केवळ झाकण नसून दाब राखणारी झडप आहे. बाहेरील हवेपेक्षा सुमारे एक बार अधिक दाब ते आत राखते. त्यामुळे समुद्रसपाटीवर 100 अंशांना उकळणारे साधे पाणीही आत 120 अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. पाणी व ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण त्याहूनही अधिक तापमान सहन करते. झाकणाचा रबरी वायसर झिजला की हा लाभ नाहीसा होतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे 1,370 मीटर उंचीच्या ठिकाणी तर उघडे पाणी 95-96 अंशांनाच उकळते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून कूलंटची गरज नाही, असा एक समज अद्याप आढळतो. त्या द्रवाचे आपल्या हवामानातील खरे काम पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविणे आणि आतील धातूस गंजापासून वाचविणे हे आहे. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्यास रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षारांचा थर बसतो व तो उष्णता अडवितो.

‘पुढच्या गावापर्यंत’ या विचाराची तपासणी :
चिपळूणहून पोफळीमार्गे कुंभार्ली घाट चढणारी, चार माणसांची मोटार विचारात घेऊ. ताशी 40 किलोमीटर वेगाने चढताना तिला स्थूलमानाने 15 किलोवॅट उपयुक्त शक्ती लागते असे मानू. वर सांगितलेल्या प्रमाणानुसार जवळपास तितकीच उष्णता कूलंटला मिळते. म्हणजे बॉनेटखाली दोन किलोवॅटचे सात-आठ गीझर एकाच वेळी चालू आहेत. वॉटर पंपचा पट्टा तुटून अभिसरण थांबले, तर 6 लिटर पाणी 90 वरून 120 अंशांवर जाण्यास जेमतेम 50 सेकंद पुरतात. इंजिनच्या धातूस तापण्यासाठी लागणारी उष्णता हिशेबात धरली तरी हा अवधी तीन मिनिटांच्या आसपास जातो. तीन मिनिटांत ती मोटार दोन किलोमीटर जाईल. घाटाच्या मध्यावर असताना वरचे हेळवाक याहून दूर असते. होज पाईप फुटून पाणीच निघून गेले असेल, तर ही तीन मिनिटेही मिळत नाहीत.

पुढे काय होते, तेही पाहणे आवश्यक आहे. बहुतेक आधुनिक इंजिनांचे सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते आणि काही इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. हेड वाकते, मधले गॅस्केट जाते, ज्वलनाचे वायू पाण्यात आणि पाणी तेलात मिसळू लागते. काही शे रुपयांच्या पाईपचा बिघाड इंजिन उघडण्यापर्यंत पोहोचतो तो असा.

लक्षणे व त्यांची फसवणूक :
तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकणे, हे परिचित लक्षण होय. परंतु काटा नेहमी खरे सांगतोच असे नाही. तापमान मोजणारा संवेदक द्रवात बुडालेला असावा लागतो. पाणी वाहून गेले की तो वाफेत वा हवेत उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. बॉनेटमधून वाफ येऊन गेल्यावर काटा उतरलेला पाहून ‘निवली बुवा’ म्हणणारा चालक सर्वाधिक धोक्यात असतो. अनेक नव्या लहान मोटारींत तर काटाच नसतो. केवळ एक दिवा असतो आणि तो लाल होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

अशा वेळी इतर खुणा वाचता आल्या पाहिजेत. गोडसर वास आला, तर कूलंट कोठेतरी गळत आहे. तापमानाबरोबर बॅटरीचाही दिवा लागला, तर दोहोंना फिरविणारा सामाईक पट्टा तुटला असण्याची शक्यता मोठी. हीटर पूर्ण चालू करूनही थंड वारा आला, तर हीटरपर्यंत गरम पाणी पोहोचतच नाही, असे समजावे.

चालकाची कृती :
तापमान हळूहळू चढत असेल, वाफ वा लाल दिवा नसेल, तर वातानुकूलन बंद करून हीटर कमाल तापमानावर व पंखा पूर्ण वेगावर ठेवावा आणि जागा मिळताच थांबावे. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. मे महिन्यात चार माणसांनी असे बसणे त्रासाचे आहे खरे, पण खिडक्या उघडता येतात. थांबल्यावर इंजिन काही मिनिटे न्यूट्रलमध्ये चालू ठेवल्यास अभिसरण सुरू राहून काटा उतरू शकतो. तो उतरत नसेल तर इंजिन बंद करावे. याउलट लाल दिवा, वाफेचा झोत, पट्टा तुटल्याची खूण किंवा हीटरचा थंड वारा यांपैकी काहीही दिसले, तर सुरक्षितपणे बाजूला घेण्यास लागेल तितकाच वेळ इंजिन चालवावे व लगेच बंद करावे.

बाजूला घेणे हे घाटात सोपे नसते. वळणावर थांबू नये. रुंदी असलेली जागा पाहावी. इंजिन बंद करून उतारावर मोटार सोडून देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ब्रेकला मिळणारे पूरक बळ दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली पूर्ण फिरवून काढल्यास ते अडकूही शकते. थांबल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, चारही इंडिकेटर आणि चाकाखाली दगड. माणसांना वाहतुकीच्या विरुद्ध बाजूने उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. सूचक त्रिकोण मागील वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्यास वेळीच दिसेल असा ठेवावा. (निघताना तो दगड उचलून कडेला टाकावा. घाटांतील रात्रीचे कित्येक अपघात अशा विसरलेल्या दगडांच्या नशिबी असतात.) जळक्या प्लॅस्टिकचा वा तेलाचा वास आणि काळा धूर असेल, तर ती वाफ नव्हे, बॉनेट उघडू नये, दूर जावे आणि 112 या क्रमांकावर मदत मागावी.

आता झाकणाचा प्रश्न. 120 अंशांचे पाणी दाबाखाली असते तोवर शांत असते. झाकण निघताच दाब जातो आणि ते पाणी एका क्षणात 100 अंशांवर येऊ पाहते. वरची 20 अंशांची उष्णता पाण्याच्या सुमारे पावणेचार टक्के भागाची वाफ करते. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते, म्हणून 6 लिटर पाण्यापासून जवळजवळ साडेतीनशे लिटर वाफ निर्माण होते आणि ती उरलेले उकळते पाणी आपल्याबरोबर बाहेर फेकते. सहकाऱ्यांच्या मनगटावर आले ते हेच पाणी. जाड फडक्याने हा झोत अडत नाही.

म्हणून किमान अर्धा तास, शक्यतो पाऊण तास थांबावे. इंजिन बंद केल्यावर प्रथम काही मिनिटे आतील तापमान वाढते, कारण अभिसरण थांबलेले असते. शिवाय विजेचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून त्याच्याजवळ हात नेऊ नये. पाऊण तासानंतर वरचा होज पाईप फडक्याने दाबून पाहावा. तो टणक लागला, तर आत अजून दाब आहे. मऊ लागल्यावर झाकण पहिल्या थांब्यापर्यंतच फिरवून, चेहरा दूर ठेवून, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी आणि मगच काढावे. पिण्याचे पाणी तात्पुरते चालते, मात्र ते थोडे थोडे ओतावे. तापलेल्या धातूवर गार पाण्याची बादली रिकामी केल्यास तडा जाऊ शकतो. मदतीस आलेल्या माणसास घाई असते व सौजन्यापोटी आपण त्यास अडवीत नाही. येथे स्पष्टपणे अडवावे.

तरीही भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, अंगठी व घड्याळ लगेच काढावे. बर्फ, हळद वा टूथपेस्ट लावू नये. चेहरा वा मोठा भाग भाजला असेल तर 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

रस्त्यावरील दुरुस्तीस मर्यादा आहेत. होज पाईप टोकाजवळच फाटला असेल, तर तेवढा भाग कापून क्लँपने पुन्हा बसविता येतो. पंख्याचा फ्यूज बदलता येतो. पट्टा, वॉटर पंप वा थर्मोस्टॅट यांसाठी मोटार ओढून नेणेच योग्य. सांडलेल्या कूलंटवर माती वा भरपूर पाणी टाकावे, कारण एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड व विषारी असून कुत्री ते चाटतात. इंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर किल्ली फिरवू नये आणि मोटार तापलेल्या अवस्थेत किती मिनिटे चालली, हे मेकॅनिकला न संकोचता खरे सांगावे; हेड उघडायचे की केवळ पाईप बदलायचा, याचा निर्णय तो त्यावरून घेतो.