मेघदूताचा एक विलायती शिष्य

लंडनच्या हॅमरस्मिथ भागांतील एका मुलींच्या शाळेचे संगीत-शिक्षक ऋग्वेदांतील सूक्तें पुढें ठेवून कोश चाळीत बसत, असें आम्हीं सांगितलें तर वाचकांस ती अतिशयोक्ति वाटेल. परंतु गुस्ताव्ह होल्स्ट यांची हकीकत अशीच आहे.

त्यांचा जन्म १८७४ सालीं चेल्टनहॅम येथें झाला. वडील ऑर्गन व पियानो वाजविण्यांत निपुण. मुलानेंही पियानोवादक व्हावें ही त्यांची इच्छा. पण उजव्या हाताच्या मज्जातंतूंस विकार जडला आणि तो मार्ग खुंटला. मग रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें स्टॅनफर्ड यांच्यापाशीं रचनाशास्त्र शिकून, ट्राँबोन नांवाचें लांबलचक पितळी वाद्य फुंकीत हे गृहस्थ संगीत-नाटकमंडळीबरोबर गांवोगांव हिंडले. वाद्यवृंद आंतून कसा चालतो तें या पोटार्थी हिंडण्यांत त्यांस कळलें. प्रथम वाग्नरचें वेड होतें. पुढें पर्सेल आणि इंग्रजी लोकगीतें यांनीं त्यांस ओढून घेतलें. १८९५ पासूनचे स्नेही व्हॉन विल्यम्स; दोघे एकमेकांच्या रचना निर्दयपणें तपाशीत. असा मित्र लाभणें हें भाग्यच होय.

संस्कृताची गोडी लागली ती भाषांतरें वाचून. पण तीं मनास येईनात. तेव्हां लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत मेबल बोड या विदुषीकडे ते लिपि व व्याकरण शिकले. पंडित झाले नाहींत. कोशाच्या आधारें स्वतःपुरता अर्थ लावूं लागले, एवढेंच. आम्हीं जन्मभर मुलांकडून मेघदूतांतील समास सोडवून घेतले. मंदाक्रांता मोठ्यानें म्हणून दाखवा, असें एकदांही सांगितलें नाहीं. या परक्या मास्तरांनीं तेंच काव्य गावयास घेतलें, हें वाचून आम्हांस ओशाळवाणें झालें.

१९०८ सालीं त्यांनीं 'सावित्री' हें अर्ध्या तासाचें संगीतनाटक रचलें. पात्रें तीन, वाद्यें अवघीं बारा. आरंभीं वाद्यांचा एकही सूर नसतां नुसता मृत्यूचा आवाज ऐकूं येतो. वनपर्वांतील वरांची माळ त्यांनीं गाळली आहे. त्यांची सावित्री स्वतःकरितां भरलें आयुष्य मागते, मृत्यु तें देतो, आणि मग ती त्यास दाखवून देते कीं सत्यवानावांचून तें आयुष्य संभवतच नाहीं. सत्यवानापासून शंभर पुत्र मागून यमास शब्दांत पकडणारी आमची सावित्री अधिक चतुर खरी. तरी या दुसरीचा युक्तिवादही मनास भिडतो. रंगभूमीवर यावयास मात्र या कृतीस १९१६ साल उजाडलें.

सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्यें ते १९०५ सालीं आले आणि अखेरपर्यंत राहिले. मुलींच्या शाळांकरितां छापलेलें गुळचट संगीत बाजूस सारून त्यांनीं त्यांच्यापुढें बाख ठेवला. १९१३ मध्यें शाळेनें त्यांस बाहेरचा आवाज आंत न येणारी खोली बांधून दिली. त्या कृतज्ञतेनें शाळेच्या तंतुवाद्यवृंदासाठीं त्यांनीं 'सेंट पॉल्स स्वीट' रचला. त्याच वर्षीं त्यांचें मेघदूत सभेपुढें आलें आणि पडलें. दोन वर्षांची मेहनत! ते फार खचले. मित्रांनीं त्यांस स्पेनच्या मायोर्का बेटावर नेलें. तेथें फलज्योतिषाच्या गप्पा निघाल्या आणि त्यांतून 'दि प्लॅनेट्स' हें ग्रहांचें संगीत सुचलें.

तें १९१४ ते १९१६ या काळांत, शनिवार-रविवारीं व सुट्यांत, त्या खोलींत तयार झालें. हात दुखे, म्हणून शाळेंतील शिक्षिका लेखनिक होत. १९१८ सालीं प्रथम वादन झालें, तेव्हां शेवटच्या वरुणग्रहाच्या भागांतील शब्दावांचून विरत जाणारे स्वर याच शाळेच्या मुलींनीं आडोशास राहून गाइले.

कीर्ति वाढली, पण शाळा सुटली नाहीं. १९३३ मध्यें, प्रकृति ढासळली असतां, त्यांनीं 'ब्रुक ग्रीन स्वीट' लिहिला. तो मोठ्या सभागृहासाठीं नव्हता. शाळेच्या धाकट्या मुलींच्या वाद्यवृंदासाठीं होता. २५ मे १९३४ रोजीं ते वारले.