नागपूरच्या उन्हात गाडीचा आवाज कसा कमी करायचा?

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि टायरांचा तो सलग घोंगावणारा आवाज नागपूरकरांच्या चांगलाच परिचयाचा झाला. हा महामार्ग काँक्रीटचा आहे, आणि काँक्रीटवर टायर सहसा डांबरापेक्षा जास्त वाजतात. शहरातले रस्तेही आता बरेचसे सिमेंटचेच आहेत.

मग लोक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाऊन ‘डॅम्पिंग करून द्या’ म्हणतात. पण त्यासाठी पत्र्यावर चिकटवायची कंपन शोषणारी शीट डांबराची आहे की ब्यूटाइल रबराची, हे आधी विचारा. डांबरी शीट स्वस्त पडते. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. अशा वेळी ती मऊ पडते, वास मारते, छताला लावलेली असेल तर सुटूही शकते. नागपुरात ब्यूटाइलच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दाराचा उघडा पत्रा बोटाने ठोकून पाहा. ‘टण्ण’ वाजतो. मध्यभागी शीट चिकटवून रोलरने घट्ट दाबली की तोच पत्रा ‘ठप्प’ वाजतो, कारण कंपनाची ऊर्जा रबरात उष्णता होऊन जिरते. त्यासाठी सगळा पत्रा मढवावा लागत नाही, साधारण पाव भाग पुरतो. हवेतून येणारा आवाज मात्र याने फारसा अडत नाही. त्याला जड व्हिनाइलचा सलग थर लागतो, खाली फोम घालून. आणि दारातली पाणी निचऱ्याची भोकं बुजवू देऊ नका, पावसाळ्यात दार आतून गंजतं.