तेलाची ठेव

वडिलांच्या काळातील मोटार पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले, की कुटुंबातील सर्वांचे लक्ष प्रथम रंगाकडे आणि क्रोमच्या पट्ट्यांकडे जाते. गाडीचे आयुष्य मात्र पुष्कळदा अंगठ्याएवढ्या एखाद्या भागावर अवलंबून असते. १९४८ ते १९७१ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या मॉरिस मायनरचा डायनॅमो हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या पट्ट्याकडील टोकाला बॉल बेअरिंग असते. दुसऱ्या टोकाला असतो तो केवळ कांस्याचा एक बुश. तो झिजला की दांडा डगमगतो, आर्मेचर भोवतालच्या पोलांना घासू लागते आणि स्वस्त बुशापायी महागडे आर्मेचर गमवावे लागते.

हा बुश ओतीव नसतो. तांबे व कथील यांची भुकटी दाबून आणि भट्टीत तापवून तो घडवितात. त्यामुळे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात व त्यांत तेल साठते. दांडा फिरून बुश तापला की तेल पृष्ठभागावर येते. थंड झाला की पुन्हा आत शोषले जाते. गरजेला काढावी आणि गरज सरताच परत भरावी, अशी ही तेलाची ठेवच असते.

मात्र ही ठेव आधी भरावी लागते. नवा बुश बसविण्यापूर्वी एसएई ३० इंजिन ऑइलमध्ये पूर्ण बुडवून चोवीस तास ठेवावा. फारच घाई असेल तर तेल १०० अंश सेल्सिअसला दोन तास तापवावे आणि बुश त्यातच थंड होऊ द्यावा. अनुभवी कारागिरांची आणखी एक रीत आहे. बुशाचे एक तोंड अंगठ्याने बंद करून तो तेलाने काठोकाठ भरायचा आणि दुसऱ्या अंगठ्याने वरून दाबायचे. बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब फुटले, की छिद्रे मोकळी आहेत असे समजावे.

बुश हातोडीने ठोकून बसवू नये. दांड्याच्याच व्यासाच्या, आरशासारख्या गुळगुळीत मँड्रेलवर चढवून तो सरळ दाबावा. बसल्यानंतर आतून रीमर फिरविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्याने छिद्रांची तोंडे बुजतात. पेट्रोलने धुतल्यास साठविलेले तेल निघून जाते, तर ग्रीसने छिद्रे तुंबतात. पुढे देखभालीच्या वेळी मागील छिद्रातून तेलाचे दोन-चार थेंब पुरेसे होतात. अधिक तेल कम्युटेटरवर उतरले, तर वीज निर्माण होण्यातच अडथळा येतो.

चुकीचा बसविलेला बुशही पहिल्या दिवशी तक्रार करीत नाही. गाडी सुरू होते, घरचे आनंदतात. वाचविलेल्या चोवीस तासांचा हिशेब मात्र पुढे एखाद्या रात्री, दिवे मंदावू लागल्यावर, चुकता करावा लागतो.